चित्रात आपण कुठे आहोत?



या वेळी आम्ही व्यंगचित्रांविषयी लिहिणार आहोत. विषय वाचून काहीजण म्हणतील, घरभाडे, पोरांची फी आणि कंपनीतल्या पाळ्यांची धावपळ चालू असताना चित्रांचे काय घेऊन बसलात? पण थोडा विचार करा. वाळूजला किंवा चिकलठाण्याला पहिल्या पाळीला निघालेला माणूस चहाच्या टपरीवर दोन मिनिटे वर्तमानपत्र हातात घेतो, तेव्हा तो अग्रलेख वाचत नाही. त्याची नजर आधी चित्रावर जाते. घरातील आजीला अक्षरओळख नसेल, पण चित्र तिला कळते. आता तर प्रत्येक मोबाईलवर सकाळपासून चित्रे येत असतात आणि आपली मुले ती आपल्या आधी पाहतात. कोणाला मोठे म्हणायचे, कोणाला हसायचे, हे मुलांच्या मनात अशा चित्रांतून ठरत जाते. म्हणून हा विषय आपल्या घरातलाच आहे.

आपल्याकडे छापील व्यंगचित्र आले ते इंग्रजांबरोबर. लंडनमध्ये १८४१ साली ‘पंच’ नावाचे विनोदी साप्ताहिक सुरू झाले. पंच हे तिकडच्या बाहुल्यांच्या खेळातले एक पात्र. नाक वाकडे, पाठीला कुबड आणि जीभ तिखट. तो सगळ्यांची टिंगल करायचा, पण हिंदुस्थानचा प्रश्न आला की पंच साहेबाच्याच बाजूचा. १८५७ च्या उठावानंतर ऑगस्ट महिन्यात जॉन टेनिएल या चित्रकाराने त्यात एक चित्र काढले. ब्रिटिश सिंह बंगालच्या वाघावर झेप घालतो आहे. सिंह म्हणजे इंग्रज आणि वाघ म्हणजे बंड करणारे शिपाई. बंडाची कारणे काय होती, त्यानंतर किती माणसांना फासावर लटकवले, हे त्या चित्रात नाही. पाहणाऱ्याने फक्त सिंहाची बाजू घ्यायची.

इथल्या लोकांनी हे हत्यार पाहिले आणि उलटे फिरवले. मुंबईत १८५४ सालीच ‘पारसी पंच’ निघाला. पुढे तोच ‘हिंदी पंच’ झाला. हिंदी म्हणजे इथे हिंदी भाषा नव्हे, तर हिंदचा. त्याचा मजकूर इंग्रजी आणि गुजरातीत असे. बर्जोरजी नवरोजी यांच्या संपादकत्वाखाली तो नावारूपाला आला आणि त्यातली चित्रे लंडनच्या ‘रिव्ह्यू ऑफ रिव्ह्यूज’ या मासिकात पुन्हा छापली जाऊ लागली. लखनौला १८७७ साली मुन्शी सज्जाद हुसेन यांनी उर्दूत ‘अवध पंच’ काढला. ठाण्याहून मराठीत ‘हिंदू पंच’ निघत असे. पंच हा शब्दही सोयीचा होता. इंग्रजीत तो बाहुला, आणि आपल्याकडे पंच म्हणजे न्यायनिवाडा करणारा. जातपंचायतीचे पंच कसे असतात ते आपल्या वाडवडिलांनी सोसले आहे, पण तो भाग वेगळा. या पंचांनी मात्र लाटसाहेबाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले.

ही चित्रे छापली कशी जात, हेही सांगितले पाहिजे, कारण त्यात आपल्यासारख्या कामगारांचे हात होते. त्या काळी चित्रे छापायला शिळाप्रेस फार वापरीत. चुनखडीचा गुळगुळीत घासलेला दगड घ्यायचा. त्यावर तेलकट शाईने चित्र उमटवायचे, आणि तेही उलटे, म्हणजे कागदावर ते सुलटे येते. मग दगड पाण्याने ओला करायचा. पाणी आणि तेल एकत्र येत नाही, म्हणून रूळ फिरवला की शाई फक्त चित्राच्या रेषेवर बसते. त्यावर कागद ठेवून दाब द्यायचा. एक दगड घासून पुन्हा वापरता येई. दगड घासणारा, रूळ फिरवणारा, यंत्र ओढणारा यांची नावे कोणत्याही अंकावर छापलेली नसत. संपादक तुरुंगात गेला की त्याचे नाव इतिहासात राही. छापखान्याला टाळे लागले की या माणसांची रोजी जाई, आणि ती कुठे नोंदली जात नसे.

छापखान्याला टाळे लागणे ही त्या काळी नेहमीची भीती होती. सरकारविषयी अप्रीती पसरवणे हा गुन्हा ठरवणारे १२४ क हे कलम १८७० साली दंडविधानात आले. १८७८ मध्ये लॉर्ड लिटनने देशी भाषांतील पत्रांसाठी खास कायदा केला. इंग्रजी पत्रांना तो लागू नव्हता. पुढे लॉर्ड रिपनच्या काळात १८८२ मध्ये तो रद्द झाला. मुंबईत सरकारचे एक भाषांतर खाते होते. दर आठवड्याला मराठी, गुजराती आणि उर्दू पत्रांत काय छापून आले त्याचे इंग्रजीत सार काढून ते साहेबापुढे ठेवले जाई. लेखातले वाक्य न् वाक्य तिथे पकडता येई. चित्राचे मात्र तसे नव्हते. एक लठ्ठ गोरा माणूस ताटावर बसला आहे आणि शेजारी हाडकुळी बाई उभी आहे. यात राजद्रोह कोठे आहे? शब्द एकही नाही. पाहणाऱ्याला सगळे कळते, पण कोर्टात सिद्ध करायचे तर सरकारी वकिलालाच सांगावे लागेल की तो लठ्ठ माणूस म्हणजे आमचे सरकार!

शब्दांतून असाच खेळ शिवराम महादेव परांजपे यांनी पुण्याच्या ‘काळ’ पत्रात केला. १८९८ पासून ते सरकारची वरवर स्तुती करीत आणि वाचकाला उलटा अर्थ बरोबर कळे. शेवटी सरकारलाही कळला. १९०८ साली त्यांना एकोणीस महिन्यांची शिक्षा झाली. त्याच वर्षी टिळकांना सहा वर्षांची शिक्षा होऊन मंडालेला पाठवले गेले. तिकडे मद्रासला सुब्रह्मण्य भारती हे तमिळ कवी ‘इंडिया’ या साप्ताहिकात सरकारवर व्यंगचित्रे छापीत. अटकेचे सावट येताच १९०८ मध्ये त्यांनी आपला मुक्काम आणि पत्र पाँडिचेरीला हलवले. तिथे फ्रेंचांचे राज्य होते आणि इंग्रजांचे वॉरंट चालत नव्हते.

हे सगळे लोक धाडसी होते यात शंका नाही. ज्याच्या हाती तुरुंग आहे त्याला हसणे सोपे नसते. लोक ज्याला हसतात त्याची भीती त्यांना आधी होती तेवढी राहत नाही, हे इंग्रजांना पक्के माहीत होते. म्हणूनच १९१० मध्ये त्यांनी नवा प्रेस कायदा आणला. नवा छापखाना काढायचा तर पाचशे ते दोन हजार रुपये जामीन ठेवायचा. सरकारला न आवडणारे काही छापले की जामीन जप्त. त्या काळी पाचशे रुपये म्हणजे मजुराची काही वर्षांची कमाई. म्हणजे सरकारला बोल लावण्याचा हक्कही ज्याच्याकडे पैसा आहे त्यालाच राहिला.

आता इथे थांबून आपण आपला प्रश्न विचारू या. या सगळ्या चित्रांत आपण कुठे होतो?

आपले शहर, आजचे छत्रपती संभाजीनगर आणि तेव्हाचे औरंगाबाद, निजामाच्या राज्यात होते. इंग्रजांची छावणी इथे होती, पण राज्य हैदराबादचे. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत ते तसेच राहिले. म्हणजे इथल्या दलित शेतमजुरावर निजाम, निजामावर इंग्रज, आणि या दोघांच्याही आधी गावचा पाटील-देशमुख. मुंबईच्या व्यंगचित्रात लाटसाहेब मोठ्या पोटाचा दिसे, हिंदमाता लुगडे नेसून दुःखी उभी असे. पण त्या मातेची सगळी लेकरे एका विहिरीवर पाणी भरत होती का? चित्रात कौन्सिलात जागा मागणारे पुढारी होते, अधिवेशने होती, नगरपालिकेचे तंटे होते. गावकुसाबाहेरचा माणूस त्या चित्रांचा विषय झाला नाही. सरकार आपल्याला अस्पृश्यासारखे वागवते अशी तक्रार करणाऱ्यांच्या गावातच खरे अस्पृश्य राहत होते. हा केवढा मोठा विनोद! पण तो काढायला फारसा कोणी बसला नाही.

एक अपवाद आवर्जून सांगतो. बंगालमध्ये गगनेंद्रनाथ टागोर या चित्रकाराने १९१७ च्या सुमारास व्यंगचित्रांचे संच छापून काढले. त्यांनी साहेबाची नक्कल करणाऱ्या बाबूंना सोडले नाही, आणि धर्माच्या ठेकेदारांनाही सोडले नाही. त्यांच्या एका चित्रात जातिव्यवस्था हे एक अवजड जाते आहे आणि त्यात माणसे भरडली जात आहेत. मराठीत तर जात आणि जाते हे शब्दच एकमेकांना लागून आहेत. आपल्या आजीने दळलेले जाते डोळ्यांपुढे आणा, म्हणजे ते चित्र समजावून सांगावे लागणार नाही.

आपल्याकडेही दोन्ही बाजूंना आसूड मारणारा माणूस होऊन गेला. महात्मा जोतिराव फुले यांनी १८८३ मध्ये ‘शेतकऱ्याचा आसूड’ लिहून पुरा केला. त्यात ऐषआरामात लोळणारा गोरा अंमलदार आहे आणि त्याच्या आळशीपणाचा फायदा घेऊन शेतकऱ्याला नागवणारा भट कारकूनही आहे. जोतिरावांच्या हाती चित्रकार नव्हता. पण २ मार्च १८८८ रोजी पुण्यात त्यांनी स्वतःच चित्र होऊन दाखवले. व्हिक्टोरिया राणीचा मुलगा ड्यूक ऑफ कॅनॉट याच्या सन्मानार्थ हरी रावजी चिपळूणकर यांनी मेजवानी ठेवली होती. सरदार, सावकार हिरे-मोती लेवून आले होते. जोतिराव गरीब शेतकऱ्याच्या वेषात गेले आणि ड्यूकला म्हणाले की या झगमगाटावरून हिंदुस्थानची परीक्षा करू नका. खरा हिंदुस्थान खेड्यांत आहे, तो उपाशी आहे, त्याला शिक्षण द्या, असे आपल्या आईला सांगा. त्या एका वेषाने सरकारचीही थट्टा झाली आणि सरकारपुढे मिरवणाऱ्यांचीही झाली.

पुढे हे काम सत्यशोधक जलशांनी आणि मग आंबेडकरी जलशांनी केले. भीमराव कर्डक आणि त्यांच्या साथीदारांनी वस्त्या-वस्त्यांत, चाळीत, खेड्यात जलसे नेले. छापखाना नको, जामीन नको, वाचता येण्याची गरजही नाही. ढोलकी, कडे आणि आवाज एवढ्यावर सावकार, भटजी, पुढारी यांची सोंगे उभी राहत आणि रात्रभर लोक हसत. दिवसा ज्याच्यापुढे मान खाली घालावी लागे, त्याला रात्री जलशात हसून घेतलेला माणूस दुसऱ्या दिवशी थोडा ताठ चालत असे. आपली व्यंगचित्रे अशी कागदावर नव्हे, अंगणात निघाली. म्हणून ती ग्रंथालयात सापडत नाहीत.

कागद आपल्या हाती यायला फार वर्षे लागली. बाबासाहेबांनी ३१ जानेवारी १९२० रोजी ‘मूकनायक’ काढला, तोही शाहू महाराजांनी दिलेल्या अडीच हजार रुपयांच्या मदतीने. पैसे देऊ केले तरी ‘केसरी’ने त्याची जाहिरात छापली नाही, हे खुद्द बाबासाहेबांनीच पुढे लिहून ठेवले आहे. ज्या पत्राचा संपादक परकीय सरकारविरुद्ध लिहून तुरुंगात गेला, त्याच पत्रात मुक्यांच्या नायकाला जागा नव्हती!

आणि मग अशी वेळ आली की आपण चित्रात आलो. गोलमेज परिषद, १६ ऑगस्ट १९३२ चा जातीय निवाडा, २४ सप्टेंबरचा पुणे करार, या घटनांनंतर इंग्रजी वर्तमानपत्रांचे व्यंगचित्रकार बाबासाहेबांना वारंवार काढू लागले. याच काळात दिल्लीत शंकर यांच्यासारखे मोठे व्यंगचित्रकार नावाजले. शंकर १९३२ पासून ‘हिंदुस्थान टाइम्स’मध्ये व्हाइसरॉयपासून गांधीजींपर्यंत सर्वांची चित्रे काढीत. १९३२ ते १९४८ या काळातील बाबासाहेबांवरील अशी शंभराहून अधिक चित्रे उन्नमती श्याम सुंदर या अभ्यासकाने जुन्या वर्तमानपत्रांतून शोधून काढली आणि २०१९ साली त्यांचे इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध झाले. ते स्वतःही व्यंगचित्रकार आहेत, त्यामुळे रेषेतली खोच त्यांना चटकन दिसते. त्यांनी दाखवून दिले आहे की बाबासाहेब या चित्रांत बहुधा आकाराने लहान आहेत. गांधीजी मोठे, नेहरू मोठे, जिना मोठे, आणि पायाशी एखाद्या हट्टी पोरासारखे बाबासाहेब. जगातल्या मोठ्या विद्यापीठांच्या पदव्या घेतलेल्या, बॅरिस्टर झालेल्या, रुंद बांध्याच्या माणसाला पोर करून दाखवायचे, ही कोणती नजर?

यातला एक मुद्दा कामगार कुटुंबांनी नीट लक्षात घ्यावा. १९४२ ते १९४६ या काळात बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. म्हणजे वसाहती सरकारवर जी टीकेची झोड उठे, तिच्या चित्रांत तेही सरकारची माणसे म्हणून यायचे. परकीय सरकारवर टीका करण्याचा चित्रकारांना पूर्ण हक्क होता, तो आम्ही नाकारत नाही. पण त्या खुर्चीत बसून बाबासाहेबांनी केले काय? दिल्लीच्या मजूर परिषदेत त्यांनी कामाचे तास कमी करण्याचा विषय पुढे आणला. १९४६ मध्ये कारखाना कायदा दुरुस्त होऊन आठवड्याचे चोपन्न तास होते ते अठ्ठेचाळीस झाले. खाणीत काम करणाऱ्या बायांना बाळंतपणाचा लाभ वाढवून मिळाला. कामधंदा शोधणाऱ्यांसाठी सरकारी नोंदणी कचेऱ्या उभ्या राहिल्या. आपल्याला आठ तासांची पाळी इतकी सवयीची झाली आहे की ती कोणी मागून, भांडून मिळवली हेच आपण विसरतो. ‘सरकारचा माणूस’ असे चित्र एका मिनिटात काढता येते. चोपन्नाचे अठ्ठेचाळीस झाले, हे कोणत्या रेषेत दाखवायचे? खाणीतल्या बाईला ते चित्र दाखवले असते, तर तिने बाबासाहेबांना एवढेसे काढले असते का?

आता २०१२ सालच्या त्या प्रकरणाकडे येऊ. २८ ऑगस्ट १९४९ रोजी शंकर यांचे एक चित्र प्रसिद्ध झाले. राज्यघटना म्हणजे एक गोगलगाय. तिच्यावर बाबासाहेब हातात चाबूक घेऊन बसलेले. मागे पंडित नेहरू चाबूक उगारून उभे. भोवती बघ्यांची गर्दी. इंग्रज जाऊन दोन वर्षे झाली होती, पण चित्र काढण्याची पद्धत जुन्या सरकारच्या काळातलीच. हे चित्र अकरावीच्या राज्यशास्त्राच्या पुस्तकात छापले गेले होते. मे २०१२ मध्ये संसदेत गदारोळ झाला. सरकारने माफी मागितली, चित्र पुस्तकातून गेले. पुस्तकातील इतर चित्रे तपासायला जी समिती नेमली, तिचे अध्यक्ष होते डॉ. सुखदेव थोरात, म्हणजे आपल्याच नागसेनवनातल्या मिलिंद महाविद्यालयाचे विद्यार्थी.

त्या वेळी अनेक घरांत वाद झाले. वडील म्हणत, हा अपमान आहे. कॉलेजात जाणारा मुलगा म्हणे, ते तर दिरंगाईवरचे चित्र आहे, त्यात मारण्याचा हेतू नाही. आमचे मत असे की दोघांच्याही म्हणण्यात तथ्य होते. चित्रकाराला दिरंगाई दाखवायची असेल. पण ज्यांच्या आजोबा-पणजोबांच्या पाठीवर खरेच आसूड पडले आहेत, त्यांच्या नातवाला उगारलेला चाबूक नुसता विनोद वाटत नाही. वर्गात पन्नास मुले हसतात आणि दोन मुले खाली मान घालतात, तेव्हा त्या दोघांच्या बाजूने बोलणारा मास्तर तिथे असायला हवा. तसा मास्तर असता, तर त्याने सांगितले असते की घटना समितीपुढे ७,६३५ दुरुस्त्या आल्या, त्यांपैकी २,४७३ प्रत्यक्ष मांडल्या गेल्या, आणि दोन वर्षे अकरा महिने अठरा दिवसांत ३९५ कलमांची घटना तयार झाली. गोगलगाय म्हणावे असे काही यात आहे का, हे मुलांनीच ठरवले असते.

पण त्याच वेळी पुण्यात पुस्तकाशी संबंधित एका प्राध्यापकाच्या कचेरीत घुसून मोडतोड झाली, ती आम्हाला मान्य नाही. खुर्च्या मोडून चित्र खोटे ठरत नाही. बाबासाहेबांनी आयुष्यभर टीकेला लेखणीने आणि पुराव्याने उत्तर दिले, दगडाने दिले नाही. दुसरेही एक लक्षात ठेवा. त्याच २०१२ च्या सप्टेंबरमध्ये असीम त्रिवेदी या तरुण व्यंगचित्रकाराला मुंबईत अटक झाली. त्याच्यावर लावलेले कलम कोणते? तेच १२४ क, इंग्रजांनी १८७० मध्ये आणलेले. पुढे राजद्रोहाचा आरोप मागे घ्यावा लागला. मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या कलमाचा वापर थांबवायला सांगितले, आणि १ जुलै २०२४ पासून जुन्या दंडविधानाच्या जागी नवा कायदा आला. म्हणजे राज्यकर्त्याला हसण्याची किंमत आपल्या काळातही कोणी ना कोणी मोजली आहे. आज आपण ‘चित्रच बंद करा’ म्हणालो, तर उद्या तेच वाक्य बळवंतांच्या तोंडी जाईल आणि ते आपल्यावर वापरले जाईल. गरिबाकडे हसण्याशिवाय दुसरे हत्यार बरेचदा नसते, तेवढे तरी आपल्या हाती राहू द्या.

मग करायचे काय? आम्ही सुचवतो ते घरच्या घरी करण्यासारखे आहे. रविवारी जेवण झाल्यावर मुलांना जवळ घ्या. पेपरातले एखादे व्यंगचित्र किंवा मोबाईलवर आलेले एखादे चित्र समोर ठेवा आणि प्रश्न विचारा. यात सर्वांत मोठा कोणाला काढला आहे आणि सर्वांत लहान कोणाला? हातात काठी कोणाच्या आहे? हसू कोणावर येते, सत्ता असलेल्यावर की आधीच दबलेल्यावर? आणि शेवटी, जो या गोष्टीत खरोखर आहे पण चित्रात नाही, असा कोण? सफाई कामगारांच्या प्रश्नावरचे चित्र असेल, तर त्यात मंत्री आहे, अधिकारी आहे, मग झाडू मारणारी बाई कुठे आहे? मुले सुरुवातीला गोंधळतील, मग आपल्यापेक्षा लवकर उत्तरे देतील.

प्रश्न तिथेच सोडू नका. मुलाला कागद-पेन्सिल द्या आणि म्हणा, हेच चित्र तू काढ, पण आपल्या गल्लीतून जसे दिसते तसे. नळाला पाणी येत नाही, त्याचे चित्र काढ. कंत्राटदार पगार थकवतो, त्याचे काढ. चेहरा ओळखू आला नाही तरी चालेल, रेष वाकडी गेली तरी चालेल. मुलीलाही बसवा. ‘तुला काय चित्रातलं कळतं’ असे तिला म्हणू नका. पाणी भरायला तीच उभी असते, रांग किती मोठी होती ते तिच्याइतके कोणाला माहीत?

एक पथ्य मात्र पाळा. आपणही कोणाला हसताना कोणाच्या रंगावर, बोलीवर, अपंगत्वावर, बाईपणावर हसायचे नाही. मोबाईलवर एखादे तसले चित्र आले आणि ते आपल्या विरोधकावर असले, तरी पुढे ढकलू नका. बाबासाहेबांना ठेंगणे काढणाऱ्यांची नजर आपण नावे ठेवून सोडून दिली, तर ती आपल्याच हातात येऊन बसायला वेळ लागत नाही. ज्याच्याकडे सत्ता आहे त्याच्या कामाला हसा, खोटेपणाला हसा, ढोंगाला हसा.

दीडशे वर्षांपूर्वी मुंबईत, लखनौत, ठाण्यात ज्यांनी ते दगड घासले आणि शाईचे रूळ फिरवले, त्यांना लाटसाहेबाचे पोट मोठे काढायला कोणी विचारले नव्हते. चित्र काढणारा दुसराच होता. आज आपल्या वस्तीतल्या मुलांच्या हाती पेन्सिलही आहे आणि शिक्षणही आहे. या रविवारी एक तरी कागद त्यांच्यापुढे ठेवा, आणि काय काढले ते त्यांनाच समजावून सांगू द्या.